मोंतोझीचे दुसरे टोले

मी लिहिलेलं पत्र अकरा ओळींचं होतं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण गावात फिरता फिरता ते चार पानांचं झालं, शेजारच्या एस्तिवेलपर्यंत पोचेतो त्यात वकिलाचा सल्लाही आला, आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा ते पत्र राहिलेलंच नव्हतं, त्याची 'मोहीम' झाली होती. अकरा ओळी. त्यातल्या दोन मायन्याच्या आणि शेवटची 'आपला नम्र'ची. म्हणजे मजकूर आठ ओळींचा. आठ ओळींत एखादा माणूस एखाद्या गावाचा असा कितीसा द्वेष करू शकेल, याचा हिशेब कुणीतरी करायला हवा होता. मी तर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

विषय होता आमच्या चर्चच्या घड्याळाचा. मोंतोझीचं घड्याळ प्रत्येक तासाचे टोले दोनदा देतं. सात वाजले की सात टोले, मग दोन मिनिटं शांतता, मग पुन्हा सात. नवख्या माणसाला हा बिघाड वाटतो. बिघाड नाही, शहाणपण आहे. पहिले टोले मान वर करण्यासाठी असतात आणि दुसरे मोजण्यासाठी. द्राक्षांच्या वेलींत वाकून काम करणाऱ्याला टोले पडताहेत हे कळतं तेव्हा त्यातले तीन पडून गेलेले असतात, आणि गेलेले टोले कुणाला विचारणार? म्हणून पूर्वजांनी ही सोय केली. गावाचा सगळा दिवस या दोन मिनिटांवर टांगलेला आहे. पाववाली आपली गाडी घेऊन अकराला चौकात येते. पहिल्या टोल्यांना बायका पिशवी शोधतात, दुसऱ्यांना चौकात असतात. कुणाला भेटायचं असेल तर 'दुसऱ्यांवर भेटू' म्हणतात. मी एकतीस वर्षं तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवला, अनेक गावं पाहिली, पण वेळेच्या बाबतीत इतकं समजूतदार गाव पाहिलं नाही. इतर बाबतींत त्याचा समजूतदारपणा किती, ते पुढे येईलच.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सातचे टोले पडले आणि मी रोजच्याप्रमाणे पलंगावर उठून बसलो, दुसऱ्यांची वाट पाहत. ते आले नाहीत. आठलाही आले नाहीत. त्या दिवशी सगळ्या मोंतोझीला तासातासाला कळत होतं की काहीतरी वाजलंय. किती, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. अकराच्या पावाच्या गाडीला निम्मं गाव बाराला पोचलं.

मी कुंपणापलीकडच्या रूमेगूबाईंना हाक मारली. बाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत आणि वाफ्यातल्या घेवड्याकडे पाहतच सगळ्यांशी बोलतात.

"बाई, दुसरे टोले पडत नाहीयेत."

"माहितेय."

"मग काहीतरी करायला हवं ना?"

"कशाला? पहिले पडताहेत की."

"पण बाई, कुणाला सांगितल्याशिवाय दुरुस्त कसं होणार?"

बाईंनी घेवड्याची एक शेंग वाकवून पाहिली. "मास्तर, बोलू नये. आमच्या गोठ्याचं छप्पर वाकलं होतं, तर आम्ही दोघं चार वर्षं त्यावर चकार शब्द बोललो नाही."

"मग?"

"मग पडलं."

हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की त्यांचा मुद्दा सिद्ध झाला असंच मलाही क्षणभर वाटलं.

मग राउलला विचारलं. राउल हा गावच्या शिकारी मंडळाचा अध्यक्ष, आणि मंडळाचा अध्यक्ष असल्यामुळे ऑगस्टच्या गावजेवणाचाही मालक. तो म्हणाला, "थांबा मास्तर. ऑक्टोबरात शिकार सुरू झाली की काहीतरी होईल." शिकारीचा आणि घड्याळाचा काय संबंध, असं मी विचारलं. "तेव्हा माणसं जमतात," तो म्हणाला. माणसं जमून काय होतं, हे मी विचारलं नाही. मागच्या वर्षी जमली तेव्हा त्यांनी माझ्या गाडीचा आरसा पाडला होता.

माझी बायको सोलांज मात्र स्पष्ट बोलली. "तू लिहू नकोस. तुला लिहिता येतं, हीच खरी अडचण आहे."

सोलांज मोंतोझीची. मी एस्तिवेलचा. दोन्ही गावांमध्ये अंतर सात किलोमीटर, मध्ये एक ओढा आणि एक चढ. नकाशावर बोट ठेवलं तर दोन्ही गावं बोटाखाली जातात. पण मी बावीस वर्षं या गावात राहतोय, इथे कर भरतोय, इथल्या हिवाळ्यात शेकोटीचा धूर खातोय, आणि तरीही मी 'एस्तिवेलचे मास्तर'. गावात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. मेयरला करतात, पाद्र्याला करतात, एकदा तर निवडणुकीला आलेल्या खासदारालाही केलं. मला मात्र 'तुम्ही'. असा मान शत्रूला मिळो.

या मानाचं खरं रूप दिसतं ते ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, गावजेवणाला. चौकातल्या झाडांखाली एक लांबच लांब टेबल मांडतात. ताट, काटे आणि सुरी ज्याची त्याने घरून आणायची, रानडुकराचा रस्सा शिकारी मंडळाचा. कुणी कुठे बसायचं हे कुठे लिहिलेलं नसतं, पण चुकून कुणी दुसऱ्याच्या जागी बसला असं दोन महायुद्धांतही घडलं नसावं. घड्याळाच्या बरोबर खाली, मधोमध, जुनी घराणी. कचऱ्याच्या डब्यांकडच्या टोकाला उन्हाळी लोक, म्हणजे ज्यांनी इथे सुट्टीसाठी घरं घेतली आहेत ते. आणि मी? टेबल म्हणजे खरं तर पंचायतीच्या दोन टेबलांची जोड. मधलं लांब, डब्यांकडचं आखूड, आणि दोन्हींची उंची सारखी नाही. त्या सांध्यावर माझी जागा. बावीस वर्षं माझं ताट अर्धं एका टेबलावर आणि अर्धं दुसऱ्यावर असतं, आणि माझा रस्सा कायम एस्तिवेलच्या दिशेला गोळा होतो. माझी बायको तिकडे मध्यभागी, आतेभाऊ-मामेभावांच्या घोळक्यात बसून मला लांबून हात करते.

यंदा मात्र आशा होती. सोलांजचे एमिलियाँकाका फेब्रुवारीत वारले. वय त्र्याण्णव, मरण शांत, आणि खुर्ची थेट घड्याळाखाली, सोलांजच्या समोर. दफनानंतर राउल माझ्याजवळ आला होता. टोपी हातात धरून म्हणाला, "मास्तर, ऑगस्टात एक खुर्ची रिकामी राहील. पाहू." या गावात 'पाहू' म्हणजे जवळजवळ शपथ. गेल्या बावीस वर्षांत मला कुणी इतकं मोठं काही म्हटलं नव्हतं.

असा मी, एका खुर्चीवर डोळा ठेवून असलेला गरीब माणूस, त्या गावाच्या घंटेच्या वाईटावर कशाला असेन? उलट मला वाटलं, घड्याळ दुरुस्त करून घेतलं तर गाव म्हणेल, पाहा, बाहेरचा असून किती आस्था. म्हणून मी अकरा ओळी लिहिल्या. 'दुसरे टोले हा आपल्या गावाचा ठेवा असून ते पूर्ववत सुरू व्हावेत' असं त्यात स्पष्ट होतं. सहाव्या ओळीत.

मेयरचं कार्यालय मंगळवारी आणि शुक्रवारी दोन ते साडेचार उघडं असतं. तिथे जिस्लेन बसते. जिस्लेन तीन गावांची मिळून एक कारकून आहे. सोमवार-गुरुवार एस्तिवेल, मंगळवार-शुक्रवार आम्ही, बुधवार तिसरं गाव. त्यामुळे ती कुठल्याच गावाच्या बाजूने बोलत नाही. तिने माझं पत्र घेतलं, मायना वाचला, विषय वाचला, आणि एक छापील अर्ज पुढे केला.

"हा भरा."

अर्जाचं शीर्षक होतं 'आवाजाचा उपद्रव'. खाली चार रकाने: कोंबडा, घंटा, बेडूक, ट्रॅक्टर व इतर. शहरातल्या लोकांनी घरं घेतल्यापासून अशा तक्रारी येऊ लागल्या म्हणून हा अर्ज छापून घेतला होता.

"अहो पण हा उपद्रव नाही. आवाज बंद पडलाय, अशी माझी तक्रार आहे."

"घंटेबद्दल आहे ना?"

"घंटेबद्दलच. पण आवाज कमी होतोय म्हणून."

जिस्लेनने अर्ज उलटून पाठीमागे पाहिलं. पाठीमागे काही नव्हतं. "कमीला रकाना नाही."

"मग रकान्याशिवाय घ्या."

"रकान्याशिवाय आलेलं पत्र मी एस्तिवेलच्या फाइलला लावते. तिथली फाइल मोठी आहे."

एस्तिवेलच्या फाइलला लागण्यापेक्षा मी घंटेच्या रकान्यात खूण केली. माझ्या हातून या प्रकरणात घडलेली चूक ती एवढीच. शेकडो विद्यार्थ्यांना मी 'प्रश्न नीट वाचा' असं सांगत आलो, आणि स्वतः मात्र छापील अर्जापुढे मान तुकवली. जिस्लेनने शिक्का मारला आणि म्हणाली, "या वर्षातली घंटेची पहिली. अभिनंदन."

दुसऱ्या दिवशी पावाच्या गाडीपाशी गेलो तर बोलणं थांबलं. सात-आठ बायका पिशव्यांकडे पाहू लागल्या. पाववालीने मला कालचा पाव दिला.

"हा कालचा दिसतोय," मी म्हणालो.

"ताजा पाव कुरकुरतो," ती म्हणाली. "तुम्हाला आवाज सोसत नाही ना, म्हणून."

मागून कुणीतरी खोकलं. मोंतोझीत खोकून बरंच काही सांगता येतं.

शनिवारपर्यंत निवेदन तयार झालं होतं. 'आमच्या घंटेला हात लावू नका.' राउलने ते पावाच्या गाडीच्या फळीवर ठेवलं होतं आणि शेजारी दोरीने बांधलेलं पेन. एकशे एकतीस वस्तीच्या गावात दुपारपर्यंत एकशे चार सह्या. मी पेन हातात घेतलं.

राउलने फळीवर तळवा ठेवला. "मास्तर, तुम्हाला नाही करता यायची."

"का? मलाही घंटा हवी आहे. तुमच्यापेक्षा जास्त हवी आहे. दोनदा हवी आहे."

"तुमच्या विरोधातच आहे ना हे. स्वतःच्या विरोधात सही कशी करणार? चालत नाही कायद्याने."

"राउल, पत्र वाचलंत का तुम्ही?"

"पत्र वाचायला लागतं कशाला? घंटेबद्दल पत्र कोण लिहितं? ज्याला घंटा नको तो. ज्याला हवी असते तो ऐकतो आणि गप्प बसतो."

मी दोरीचं पेन खाली ठेवलं. सह्यांमध्ये सातवी सही सोलांजची होती. घरी आल्यावर जाब विचारला तर म्हणाली, "मी घंटेच्या बाजूने केलीय, तुझ्या विरोधात नाही." मी म्हणालो, कागदावर तर ते एकच आहे. "कागदावर," ती म्हणाली, "तू सुरुवात केलीस."

मग मी पत्राची प्रत काढली आणि चौकातल्या काचेच्या सूचनाफलकावर लावली, म्हणजे गाव स्वतःच्या डोळ्यांनी सहावी ओळ वाचेल. शुक्रवारी जिस्लेनने ती काढली. फलक फक्त मेयरच्या सूचनांसाठी आहे आणि खाजगी मजकूर लावायचा तर आठ दिवस आधी अर्ज हवा. मी अर्ज मागितला. तिने तोच दिला, चार रकान्यांचा.

जूनमध्ये वर्तमानपत्राचा बातमीदार आला. मला वाटलं, चला, शिकलेला माणूस आला. त्याला मी पाऊण तास दुसऱ्या टोल्यांचं महत्त्व सांगितलं, प्लमची दारू पाजली, पत्राची प्रत दिली. त्याने घराचा फोटो घेतला. दुपारी ऊन असतं म्हणून आमच्या खिडक्यांची दारं लावलेली होती, जशी सगळ्या गावाची असतात. गुरुवारी फोटो छापून आला. खाली: 'घंटेच्या आवाजापासून स्वतःला कोंडून घेतलेले निवृत्त शिक्षक'. मूळचे एस्तिवेलचे, असंही होतं. तेवढं बरोबर छापलं होतं.

अपमानाची परिसीमा झाली असं वाटत होतं, पण ती रविवारी झाली. जुनी पाणचक्की विकत घेऊन राहिलेलं एक डच जोडपं चीजचा भला मोठा गोळा घेऊन आमच्या दारात उभं राहिलं. नवऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही बोललात," तो म्हणाला. "आम्ही नऊ वर्षं सहन करतोय. कुणात धाडस नव्हतं."

"अहो, मला घंटा आवडते."

"हो, हो," तो डोळे मिचकावत म्हणाला, "आम्हीही सगळ्यांना असंच सांगतो."

चीज मी परत करणार होतो. सोलांजने ठेवून घेतलं. चांगलं होतं, त्याचाही मला राग आला.

जूनच्या शेवटी एका दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, मागच्या परसातून कुणीतरी टोमॅटोच्या ओळी ओलांडत आलं. मेयर काझालीस. हा बदकं पाळतो आणि उरलेल्या वेळात मेयर असतो. स्वयंपाकघराच्या दारात चिखलाचे बूट काढून तो आत येऊन बसला आणि बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा कोरलेला भाग नखाने साफ करत राहिला.

"मास्तर, घड्याळाचा हातोडा मोडलाय. दुसरी फेरी देणारा. आणि त्याची मोटरही."

"मला माहीत आहे. मी तेच तर लिहिलं होतं."

"हो. सहाव्या ओळीत."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. "म्हणजे तुम्ही वाचलंय?"

"मला पत्र आलं तर मी वाचणार नाही का? चांगलं लिहिलंय. पण ऐका. तीन वर्षं मी जिल्ह्याच्या वारसा खात्याला कळवतोय, घड्याळ जुनं झालंय, मदत द्या. उत्तर नाही. मोडलेली घड्याळं त्यांच्याकडे शेकड्याने आहेत. आणि आता पेपरात आलं, एकशे चार सह्या गेल्या, तर परवा त्यांचा स्वतःहून फोन. म्हणाले, तुमची घंटा धोक्यात आहे असं ऐकतो. मी म्हणालो, फार धोक्यात आहे."

"कुणापासून?"

काझालीसने माझ्याकडे पाहिलं. बदकाकडे पाहावं तसं, मायेने, पण पुढचं सगळं ठरलेलं.

"त्यांची बाई पाहणीला यायची आहे. तोवर तुम्ही जरा... आहात तसेच राहा. शक्य असेल तर आणखी एक पत्र. थोडं कडक."

मी त्याला माझ्या घरातून जायला सांगितलं. एकतीस वर्षं मी मुलांना सत्य शिकवलं, नद्या कुठे उगम पावतात ते सांगितलं, कधी एक नदी इकडची तिकडे केली नाही, आणि आता या वयात खोटा द्वेष लिहून देऊ? आणि ज्या गावाने मला कालचे पाव खाऊ घातले त्या गावासाठी? काझालीस शांतपणे बूट घालत होता. एक बूट चढवून म्हणाला, "एमिलियाँची खुर्ची राउलच्या हातात आहे, पण राउल माझ्या हातात आहे."

"हे तुम्ही सगळ्यांना सांगाल? की मी गावासाठी केलं म्हणून?"

"मदत मिळाल्यावर. आधी कळलं तर गाव तुमच्यावर रागवायचं थांबेल. मग धोका कसा दिसणार?"

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. लिहायचंच तर नीट लिहावं, म्हणून दोन पानं झाली. 'मध्ययुगीन कोलाहल' हा शब्दप्रयोग मला आपोआप सुचला. 'तासातासाला होणारी ही दुहेरी शिक्षा' हाही. आयुष्यभर खरं लिहिलं, ते कुणी वाचलं नाही. हे खोटं पत्र मात्र वारसा खात्याच्या बाईंनी चौकात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं आणि गावातल्या चार बायकांनी डोळे पुसले. रूमेगूबाईंनी माझ्या दिशेने थुंकल्यासारखं केलं. खरं तर त्यांच्या तोंडात घेवड्याचा दोरा होता, पण बाईंनी तो नेमका तेव्हाच थुंकला.

मदत मंजूर झाली. जुलैत सरकारी माणूस जागेवर सापडला आणि त्याने सही केली, यावर आमच्याकडे अजून कुणाचा विश्वास बसत नाही. गावजेवणाच्या आदल्या दिवशी शहरातून कारागीर आला, दिवसभर मनोऱ्यात ठोकाठोक करून गेला. दुसरी फेरी रविवारी जेवणात सुरू होईल, मेयर कळ दाबतील, असं ठरलं. काझालीसने खरं काय ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं. "जेवणात सांगतो," म्हणाला. "सगळे एकत्र असतात."

रविवारी मी इस्त्रीचा सदरा घातला. ताट, दोन काटे, वडिलांची घडीची सुरी, सगळं रुमालात बांधून चौकात गेलो आणि सरळ मध्यभागाकडे चालू लागलो. शंभर माणसं माझ्याकडे पाहत होती. एमिलियाँकाकांच्या खुर्चीत एक बाई बसलेल्या होत्या.

लेस्क्यूरबाई. एस्तिवेलच्या मेयर. माझ्याच गावच्या, लहानपणी आमच्या वडिलांकडून अंडी नेत असत.

"पाहुण्या आहेत," राउल माझ्या कानाशी म्हणाला. "ऐनवेळी आल्या. मेयरला मेयरशेजारीच बसवावं लागतं. तुम्ही तुमच्या जागी बसा मास्तर."

काझालीस त्या वेळी बाटलीचं बूच पाहण्यात गढून गेला होता. त्या बुचावर काय कोरलं होतं कोण जाणे, त्याने वर पाहिलंच नाही.

मी सांध्यावर जाऊन बसलो. डाव्या हाताला डच जोडपं. माझ्यासाठी त्यांनी जागा धरून ठेवली होती आणि टेबलाखालून मला मेणाचे कानबोळे दिले. रस्सा वाढला गेला आणि उताराने निघाला, नेहमीच्या दिशेला. त्या रश्श्याकडे पाहताना माझ्या मनात जे आलं ते मी दुसऱ्या पत्रात लिहिलं असतं, तर खात्याने मोंतोझीला संपूर्ण नवं चर्च बांधून दिलं असतं.

चीज यायच्या आधी लेस्क्यूरबाई पेला हातात घेऊन उभ्या राहिल्या. आभार मानले, डुकराचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "आता एक मागणं आहे. आमच्याही घड्याळाचे टोले दोन वर्षं बंद आहेत. तुमचं काम कसं झालं ते जिस्लेनकडून कळलं. तर तुमचे... म्हणजे आमचेच मास्तर, मूळचे आमच्या गावचे, जन्म तिकडचा, त्यांना थोडे दिवस आमच्याकडे परत पाठवा. दोन पत्रं लिहितील, एक साधं, एक कडक. तसेही ते इथे परकेच आहेत. तुम्हाला त्यांचं काय करायचंय?"

मी उठून सगळं सांगणार होतो, तोंड उघडलंही होतं. पण राउल आधी उठला. शिकारीला जाताना उठतो तसा, खुर्ची मागे सारून.

"नाही," तो म्हणाला.

"दोनच पत्रं," लेस्क्यूरबाई म्हणाल्या.

"एक ओळ नाही मिळायची. बावीस वर्षं आमचं डुक्कर खाल्लंय त्याने. आमच्या घंटेला शिव्या दिल्यात, आमच्या. तुम्हाला तक्रार करणारा हवा असेल तर तुमचा तुम्ही वाढवा." आणि मग टेबलाच्या या टोकाकडे वळून ओरडला, "ए मास्तर, ऊठ तिथनं. काय कचऱ्याच्या डब्यांपाशी बसलायस? ये इकडे."

ऊठ. बसलायस. ये. मी माझे कान तपासले. बोळे खिशातच होते.

पुढचं सगळं खोकण्यातून झालं. पूर्ण मध्यभाग खोकला, लेस्क्यूरबाईंना तो समजला, कारण एस्तिवेलमध्येही हीच भाषा चालते, आणि त्या आपलं ताट घेऊन काझालीसच्या पलीकडे सरकल्या. मी एमिलियाँकाकांच्या खुर्चीत बसलो. समोर सोलांज. तिने माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली, टेबलावरून ओणवं होऊन, सगळ्यांदेखत.

शेजारी रूमेगूबाई होत्या. मी हळूच म्हणालो, "बाई, ते पहिलं पत्र तुम्ही वाचलं असतंत तर..."

"वाचलं ना. जिस्लेनने पहिल्याच दिवशी दाखवलं. फलकावर लावलंत तेव्हा सगळ्यांनीच वाचलं. अक्षर छान आहे."

"मग तुम्ही कुणी बोलला का नाहीत?"

"सांगितलं होतं तुम्हाला," बाई पाव तोडत म्हणाल्या. "बोलू नये."

पहिल्यापासून सगळ्या गावाला माहीत होतं. तीन महिने कालचा पाव. या विषयावर मी मोठ्याने काही बोलणार, तेवढ्यात काझालीसने कळ दाबली. माझ्याबद्दल जे सांगायचं होतं ते त्याने सांगितलंच नाही. आता गरजही नव्हती, असं तो नंतर म्हणाला.

तीन वाजले. तीन टोले पडले. सगळं टेबल हातातले काटे खाली ठेवून बसलं. दोन मिनिटं. म्हातारे डोळे मिटून, जिस्लेन घड्याळाकडे बघत, राउल टोपी काढून. आणि मग मे महिन्यानंतर पहिल्यांदाच दुसरे टोले आले. एक. दोन. तीन.

चार.

शंभरावर माणसांनी चौथा टोला ऐकला होता आणि शंभरावर माणसं आपापल्या ताटात पाहत होती. मग एकेक मान वर झाली आणि एकेक करून सगळ्या माझ्याकडे वळल्या. काझालीसच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली गरिबी होती.

"येत्या शुक्रवारी सुट्टी आहे," जिस्लेन कुणाकडेच न पाहता म्हणाली. "कुणाला यायचं असेल तर मंगळवारी. दोन ते साडेचार."

मी राउलला म्हणालो, रस्सा उरला असेल तर वाढ. त्याने वाढला, दोन पळ्या, आणि तो ताटाच्या मधोमध पडला आणि तिथेच राहिला.